चौथी खुंटी

मित्रांनो, मी एक जुनी गिटार आहे. माझी चौथी खुंटी तेवढी नवी आहे. हुबळीच्या दाजीबानपेठेत एका कापडाच्या दुकानात, शर्टिंगच्या ताग्यांच्या वरच्या भिंतीवर मी टांगलेली असते. माझ्यावर धूळ नाही, तडा नाही, गंज नाही. गिऱ्हाइके मान वर करून पाहतात आणि म्हणतात, किती छान जपली आहे. त्या जपण्याचीच गोष्ट मी तुम्हाला सांगणार आहे. ती गोड करून सांगता आली असती, तर मी ती वाजवून सांगितली असती.

माझा जन्म कलकत्त्याचा. देवदाराच्या पातळ फळीची माझी छाती, शिसवीची पाठ. कारागिराने मला धगीवर वाकवले, सरसाने जोडले आणि माझ्या पोकळीत एकदा हलकेच टिचकी मारून पाहिली. ऐकणारा पहिला माणूस तो. तिथून एका अँग्लो-इंडियन इंजिन ड्रायव्हरबरोबर मी हुबळीच्या रेल्वे वसाहतीत आले. पंधरा वर्षे मी फक्त रविवारची गिटार होते. एकोणीसशे एकाहत्तर साली त्या कुटुंबाने ऑस्ट्रेलियाला जायचे ठरवले. सामानाच्या खोळींसाठी जाड कापड हवे होते. ते घेऊन या दुकानातून हणमंत आला. एकोणीस वर्षांचा, लांब बोटांचा, दुकानाचे मालक विठ्ठलअण्णा यांचा धाकटा भाऊ. माझ्या मापाचीही खोळ शिवून झाली. मग ड्रायव्हरसाहेबांनी पेट्या मोजल्या, मला उचलून पाहिले आणि परत खाली ठेवले.

"तू घेऊन जा," ते हणमंतला म्हणाले. "खोळ तर झालीच आहे."

समुद्रापलीकडच्या प्रवासासाठी शिवलेल्या खोळीत बसून मी दोन मैलांचा प्रवास केला.

माझी चौथी खुंटी तेव्हाच झिजलेली होती. तिचे दाते गुळगुळीत झाले होते. कितीही पिळली तरी तार जराशी खाली घसरे आणि मग एका जागी येऊन थांबे. हे लक्षात ठेवा.

विठ्ठलअण्णांनी मला पाहून एवढेच म्हटले, की गिऱ्हाइकाच्या कानावर हे येता कामा नये. म्हणून हणमंत मला दुकानाच्या माळ्यावर घेऊन गेला. तिथे चारी बाजूंना ताग्यांच्या थप्प्या होत्या आणि कापड आवाज पिऊन टाकत असे. वाजवलेला स्वर हातभर अंतरावर विरून जाई. तो टिकावा म्हणून हणमंतने काय काय केले! कधी मला उभी धरून बोटांनी छेडले, कधी तारांखाली जाड पट्टी सरकवून मला मांडीवर आडवी घेतली आणि तारांवरून लोखंडाचा तुकडा सरकवला. हा तुकडा जुन्या गजाचा होता. मीटरची पट्टी आली तेव्हापासून कापड मोजायचा लोखंडी गज अडगळीत पडला होता. हणमंतने वर्कशॉपमधल्या एका ओळखीच्या लोहाराकडून त्याचे चार बोटांचे टोक कापून घेतले आणि सहाणेवर घासून घासून गोल केले. ज्या गजाने तीन पिढ्यांनी लोकांना कापड मोजून दिले, त्याने आता तो असे काही मोजू लागला ज्याला कुणी माप लावले नव्हते.

त्याला शिकवणारे कोणी नव्हते. कोणती तार कोणत्या स्वरात लावायची, हेही सांगणारे कोणी नव्हते. पण रोज सकाळी रेल्वे वर्कशॉपचा भोंगा होई आणि तो सगळ्या हुबळीला ऐकू येई. हणमंतने माझी सर्वांत जाड तार त्या भोंग्यात लावली. इतका वेळेवर येणारा मास्तर दुसरा कुठे मिळणार, असे तो म्हणे. त्या तारेला षड्ज मानून बाकीच्या तारा त्याने कानाने जुळवल्या. चौथी मात्र घसरून जिथे थांबली, तिथेच त्याने राहू दिली. तो गंधार ना कोमल होता ना शुद्ध. दोघांच्या मधल्या एका अरुंद जागेत तो अंग चोरून उभा होता. हणमंतला वाटले, तिची जागा तीच असणार.

ही चूक होती, हे त्याला दोन वर्षांनी कळले. तोवर त्या चुकीभोवती त्याने घर बांधले होते. रोज सकाळी भोंगा झाला की माळ्यावर, कोणाचाही हात न लागता, माझी जाड तार आपोआप गुणगुणे. तिच्या मागोमाग चौथी थरथरे. हणमंत डोळे मिटून तेवढे ऐके आणि मग दुकान उघडायला खाली जाई.

पुढच्या आठ वर्षांत त्याने काय वाजवले नाही ते विचारा. विद्यानगरच्या कॉलेजांच्या स्नेहसंमेलनांत तो ऑर्केस्ट्रातून सिनेमाची गाणी वाजवी. नाताळात रेल्वे वसाहतीच्या चर्चमध्ये स्तोत्रांना साथ करी. मंगळवारी देवळातल्या भजनात बसे. आधी टाळकऱ्यांनी नाके मुरडली, नंतर तो येईपर्यंत भजन सुरू होईना. कन्नड नाटक कंपनी गावात आली की तिच्या तंबूत तो मला घेऊन वादळ, पाऊस आणि सासूचे पाऊल हे तिन्ही वाजवी. आणि दुपारी गिऱ्हाईक नसले की माळ्यावर मला आडवी घेऊन तासन्‌तास एकच राग शोधत बसे. प्रत्येक ठिकाणाहून तो काहीतरी उचलून आणी आणि दुसऱ्या ठिकाणी नेऊन ठेवी. स्तोत्रातली शांतता भजनात येई, नाटकातले वादळ रागाच्या द्रुत लयीत उतरे. मित्रांनो, एका माणसात इतकी माणसे गुण्यागोविंदाने राहताना मी पुन्हा कधी पाहिली नाहीत.

त्याची बायको पार्वती धारवाडची होती. ती माळ्यावर ताग्यांच्या घड्या घालीत बसे आणि ऐके. एकदा ती म्हणाली, "तुमची ती चौथी तार दारात थांबलेल्या पाहुण्यासारखी वाटते बघा. आतही येत नाही, जातही नाही."

हणमंत हसला. त्याच्या वादनावर याहून खरे कोणी बोललेले मी ऐकले नाही.

एकोणीसशे ऐंशीच्या सरत्या महिन्यांत धारवाडच्या एका संगीत मंडळाचे चिटणीस, वादिराज वकील, कोटाचे कापड घ्यायला आले. माळ्यावरून माझा आवाज झिरपत होता. विठ्ठलअण्णा ओशाळून माफी मागू लागले, तर वकील चपला काढून शिडीच चढले. अर्धा तास ऐकले आणि तिथल्या तिथे ठरवले, की फेब्रुवारीच्या वार्षिक समारोहात हणमंतचे स्वतंत्र वादन ठेवायचे. धारवाडला, मित्रांनो! जिथे भाजी घेणारा माणूससुद्धा तानपुरा बेसूर लागला तर पिशवी खाली ठेवतो, त्या धारवाडला. आयुष्यात पहिल्यांदा कोणी त्याला साथीला बोलावत नव्हते, त्यालाच ऐकण्यासाठी बोलावत होते.

मग वकिलांनी निमंत्रणपत्रिकेचा मजकूर लिहून घेण्यासाठी पेन काढले. कलाकाराचे नाव, वाद्याचे नाव. आणि खाली, नेहमीप्रमाणे, कोणाचे शिष्य. हणमंत म्हणाला, की कोणाचाच नाही.

"ती ओळ रिकामी कशी छापायची, हणमंतराव?" वकील खरोखरच अडचणीत पडले होते. "बापाचं नाव नसलेल्या पोरासारखं दिसेल ते."

तोडगा त्यांनीच काढला. गुरुराजबुवा म्हणजे धारवाडचे सत्तरीतले गवई. मंडळ त्यांच्या शब्दाबाहेर नव्हते. त्यांच्याकडून गंडा बांधून घ्यायचा. मनगटाला दोरा, तोंडात गूळ-चणे, पत्रिकेत नाव, झाले. दुसऱ्या रविवारी हणमंत मला सायकलला बांधून धारवाडला निघाला. वाटेत रायापूरच्या चढावर उतरून, सायकल ढकलत, तो सारखा मागे वळून माझी खोळ नीट करीत होता.

बुवांनी आधी वाजवायला सांगितले. ऐकता ऐकता त्यांची मान हलायची थांबली.

"यारप्पा कलिसिदरु? कुणी शिकवलं हे?"

"चुकीनं शिकवलं, बुवा," हणमंत म्हणाला आणि त्याने भोंग्याची गोष्ट सांगितली.

म्हातारा मोठ्याने हसला. तो प्रामाणिक माणूस होता, हे मला सांगितलेच पाहिजे. त्याला दुष्ट ठरवता आले असते तर माझे दुःख सोपे झाले असते. तिथे आलेल्या वकिलांनी गंड्याची गोष्ट काढताच बुवांनी हात झटकले. मी गाणारा माणूस, म्हणाले, या पेटाऱ्यावर हात कुठे ठेवतात तेही मला ठाऊक नाही. वकिलांनी समजावले, की शिकवायला कोण सांगते आहे, नाव तेवढे द्या. बुवांनी हणमंतकडे पाहिले आणि होय म्हटले.

घरी आल्यावर हणमंतने पार्वतीला सांगितले, की हे नावापुरते आहे. ती दिव्याची काच पुसत होती. "लग्नही नावापुरतंच लावतात काही जण," ती म्हणाली. "मग नांदावं लागतंच की."

समारोहाच्या आदल्या आठवड्यात गंडा बांधला गेला. आणि समारोहात हणमंतने जसे वाजवले, मित्रांनो, तसे त्याने ना आधी वाजवले होते, ना नंतर. माझी जाड तार भोंग्याच्या षड्जात होती. गजाचा तुकडा तारेवरून असा सरकत होता, जणू कोणी दाराला कान लावून आतल्या माणसाचा श्वास ऐकत आहे. चौथी तार छेडली गेली, की सभागृहातले जाणते अस्वस्थ होत, एकमेकांकडे पाहत आणि पुन्हा ती कधी छेडली जाईल याची वाट पाहत. दारातला पाहुणा त्या संध्याकाळी उंबरठ्यावर उभा राहूनच सगळ्या घराचा यजमान झाला होता.

वादन संपले. माणसे उठली, पुढे आली आणि पहिल्या रांगेत बसलेल्या गुरुराजबुवांच्या पाया पडू लागली. काय तयार केले आहे बुवांनी, असे जो तो म्हणू लागला. बुवांनी काही बोलण्यासाठी तोंड उघडले. मी हणमंतच्या हातात होते, मी पाहिले. त्यांनी सरळ हणमंतकडे पाहिले. तू सांग, असे ते डोळे म्हणत होते.

आणि हणमंतने आमच्याकडे अशा वेळी म्हणतात तेच म्हटले. वाकून, कानाच्या पाळीला हात लावून तो म्हणाला, "माझं काय आहे? सगळं बुवांचंच आहे."

नम्रतेचे वाक्य ते. या गावांत शाळकरी मुलांनाही ते पाठ असते, आणि कोणी ते मनावर घेत नाही. बुवांचे उघडलेले तोंड मिटले. क्षणभराने त्यांचा हात आशीर्वादासाठी वर आला. हणमंतच्या आयुष्यात त्याने एकच गोष्ट अशी मिळवली होती जी कोणी दिलेली नव्हती. ती त्याने शिष्टाचार म्हणून एका वाक्यात देऊन टाकली.

बुवांनी मात्र ते वाक्य मनावर घेतले. आठवड्याने त्यांनी त्याला बोलावून घेतले. "चार लोकांत म्हणालास ना, सगळं माझं आहे? मग आता मला ते नीट करायला हवं. माझ्या नावाला शोभेल असं."

सगळ्यात आधी ऑर्केस्ट्रा सुटला. ती मंडळी दुकानात येऊन, काय हणमंतअण्णा, सोवळ्यात आहात का, शिवलं तर चालतं का, असे चिडवून गेली. मग मंगळवारचे भजन सुटले. नाताळात चर्चमधल्या म्हाताऱ्या बाईंनी दोनदा निरोप पाठवला. हणमंतने बरे नाही म्हणून कळवले आणि त्या संध्याकाळी माळ्यावर मला हातात घेऊन न वाजवता बसून राहिला. नाटक कंपनीने वादळासाठी पत्रा वाजवणारा माणूस ठेवला. पहाटेच्या बसने हणमंत धारवाडला जाई, बुवांच्या समोर बसून गळ्याने पलटे घोटी आणि तेच पलटे माझ्यावर उतरवी. माझ्या सगळ्या तारा बुवांच्या पट्टीत चढल्या. आता सकाळी भोंगा होई आणि मी गप्प असे. तो माझ्या अंगावरून अनोळखी माणसासारखा निघून जाई.

हणमंतने विरोध का केला नाही, असे तुम्ही विचाराल. बुवा त्याला मनापासून शिकवत होते, म्हणून. इतक्या वर्षांत कोणी त्याला इतका वेळ दिला नव्हता. पोरक्या माणसाला हाक मारली, की ती कोणत्या नावाने मारली हे तो विचारत नाही.

राहिली ती चौथी तार. बुवांना ती खटके. असला गंधार आमच्या घरात नाही, असे ते म्हणत. एकोणीसशे त्र्याऐंशीत त्यांनी मिरजेहून एक नामांकित कारागीर मुद्दाम बोलावून घेतला. त्याने मला मऊ कापडावर निजवले, माझी छाती तेल लावून पुसली, एक बारीक भेग भरली. किती प्रेमाने! मग त्याने झिजलेली खुंटी उपसून काढली आणि नवी, चकचकीत, पक्क्या दात्यांची खुंटी बसवली. हणमंत समोर बसला होता. त्याचे ओठ एकदा हलले. जुनी खुंटी भुशाच्या टोपलीत पडली तेव्हा तिचा आवाज झाला, तेवढाच. चौथी तार आयुष्यात पहिल्यांदा जिथे लावली तिथे राहिली.

"साकु, पुरे," बुवा समाधानाने म्हणाले. "आता लागली."

त्यानंतर हणमंतचे चार-पाच कार्यक्रम झाले. हुबेहूब बुवांचा गळा उतरला आहे, असे सगळे म्हणत. पार्वती माळ्यावर येऊन बसायची थांबली. वर फार उकडते, असे तिने कारण सांगितले.

एकोणीसशे शहाऐंशीच्या मे महिन्यात बुवा अंथरुणाला खिळले. आवाज गेला होता, बोलत ते कुजबुजून. एका दुपारी हणमंत त्यांना ऐकवण्यासाठी मला घेऊन गेला आणि त्यांनीच शिकवलेला राग सुरू केला. बुवांनी बोट हलवून थांबवले.

"ते वाजव," ते म्हणाले. "पहिल्या दिवशी वाजवलंस ते. ते भोंग्याचं."

हणमंतने घाईघाईने जाड तार उतरवली. भोंगा रोज कानावर पडत होता. ती जागा सापडली. मग तो चौथीकडे वळला. खुंटी पिळली, सैल केली, पुन्हा पिळली. नवी खुंटी इमानदार होती. ती जिथे सांगाल तिथे थांबे आणि स्वतःहून काही सांगत नसे. हणमंतने तो स्वर कधी लावलाच नव्हता. तार आपण होऊन तिथे जात असे आणि तो फक्त ऐकत असे. किती खाली? केसभर? दोन केस? शेवटी अंदाजाने एका जागी थांबून त्याने गजाचा तुकडा उचलला आणि वाजवू लागला.

मला ती जागा ठाऊक होती, मित्रांनो. माझ्या लाकडाला ती पाठ होती. पण माझ्या खुंट्या मला पिळता येत नाहीत.

बुवांनी डोळे मिटून बराच वेळ ऐकले. त्यांच्या डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या. मग ते म्हणाले, "हे माझंच आहे रे, हणमंता. तुझं कुठाय?"

आठ दिवसांनी बुवा गेले. स्मृतिसभेच्या पत्रिकेत हणमंतचे नाव पट्टशिष्य म्हणून ठळक अक्षरांत छापले होते. त्याने वाजवले, लोक रडले आणि परत आल्यावर त्याने मला दुकानाच्या भिंतीवर टांगले. गजाचा तुकडा आता दुकानाचे दार अडवायला खाली असतो. विठ्ठलअण्णा थकले आहेत, गल्ल्यावर हणमंतच बसतो. गिटार कोणाकडे शिकलात, असे एखाद्याने विचारले, तर तो बुवांचे नाव घेऊन कानाच्या पाळीला हात लावतो.

आता एकोणीसशे एकोणनव्वद साल चालू आहे. गेली तीन वर्षे कोणी मला छेडले नाही. न वाजवलेल्या तारा हळूहळू उतरत जातात. पट्टी सुटते, ताण सुटतो. मी वाट पाहत होते. परवा सकाळी भोंगा झाला, आणि माझी जाड तार, उतरत उतरत एकदाची त्याच्या पायरीवर पोचलेली, आपोआप गुणगुणली. तिच्या मागोमाग चौथी थरथरली. कुठे थांबली होती ती, हे मी सांगत नाही. पण पार्वती डबा घेऊन आली होती, ती दारातच उभी राहिली आणि तिने नवऱ्याकडे पाहिले.

हणमंतने मान वर केली. मग स्टूल घेऊन तो वर चढला. इतक्या वर्षांनी त्याची बोटे माझ्या मानेवर आली. त्याने सहाच्या सहा खुंट्या सैल केल्या, अगदी शेवटपर्यंत, तारा माझ्या अंगावर लोंबेपर्यंत. वाद्य टिकवायचे असेल तर तारा सैल करून ठेवाव्यात, ताणाने मान वाकते, असे मिरजेच्या कारागिराने त्याला बजावले होते. तेवढे तो विसरला होता. भोंग्याने आठवण करून दिली, असे तो पार्वतीला म्हणाला. नंतर त्याने स्वच्छ फडक्याने माझी छाती पुसली. पार्वतीने डबा गल्ल्यावर ठेवला आणि ती निघून गेली.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादे जुने वाद्य असेल, किंवा स्वतःच्या हाताने काही शिकलेला एखादा माणूस असेल, तर माझी एकच विनंती आहे. त्याला दुरुस्त करायला घेण्याआधी, तो जसा आहे तसा, त्याच्या घसरणाऱ्या खुंटीसकट, एकदा शेवटपर्यंत ऐका. आणि ऐकून झाल्यावर तो नम्रपणे म्हणाला, की हे माझे नाही, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

भोंगा आजही झाला. माझ्यावर धूळ नाही.